बहुमताची मर्यादा
(कोल्हापूर येथील व्याख्यानाची संहिता)



संसद म्हटली की गदारोळ, सभात्याग आणि तहकुबी यांचीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु या सभागृहाचे खरे मोठेपण कसोटीच्या काही मोजक्या क्षणी प्रकट झाले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर समारोपाचे भाषण करीत होते. १९२० साली माणगाव परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे, राजर्षी शाहू महाराजांनी ज्यांच्या नेतृत्वाचा तेथे जाहीर पुरस्कार केला, तेच हे बाबासाहेब. रत्नाप्पा कुंभार आणि बाळासाहेब खर्डेकर हे करवीरचे सुपुत्रही त्या सभेचे सदस्य होते. राज्यघटना कितीही उत्तम असली, तरी राबविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी दिला. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही बजावले.

पुढे १८ डिसेंबर १९५४ रोजी पहिले लोकसभाध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. विरोधक संख्येने अल्प होते, तरी त्यांचे म्हणणे ऐकले गेले. त्या वेळी अध्यक्षांच्या आसनावर उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार होते. ठराव फेटाळला गेला. मात्र अध्यक्षही सभागृहाला उत्तरदायी आहेत, हे देशाने पाहिले.

आणीबाणीत या मर्यादेचा विसर पडला. अनेक विरोधी सदस्य कारावासात असताना १९७६ साली ४२वी घटनादुरुस्ती संमत झाली आणि लोकसभेची मुदत पाचाऐवजी सहा वर्षे करण्यात आली. संख्याबळ होते, विवेक हरपला होता. १९७७ साली मतदारांनी सत्तापालट घडविला आणि पुढील वर्षी ४४व्या घटनादुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली.

१७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. अवघ्या एका मताने अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार कोसळले. अटलजींनी निकाल शिरोधार्य मानून राजीनामा दिला. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत जनतेने त्यांच्या आघाडीला स्पष्ट बहुमत दिले.

सप्टेंबर २०२३ पासून संसदेचे कामकाज नव्या वास्तूत सुरू झाले. जुन्या सभागृहातील ही परंपरा तेथे टिकविण्याचे दायित्व सदस्यांइतकेच त्यांना निवडून देणाऱ्यांचेही आहे. मत मागावयास दारी येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, एवढेच विचारावे : बहुमत हाती आले तर संयम राखाल ना, आणि हातून गेले तर निकाल मानाल ना?