मामाचं पोटॅशियम ७.८

आजचा एपिसोड छोटा आहे. रात्री अडीच वाजता आलेल्या एका फोनचा.

माझ्या मामाला सीएलएल आहे. म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा, बहुतेक वेळा हळूहळू वाढणारा ब्लड कॅन्सर. आपल्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. मामाच्या तेव्हा २,४०,००० होत्या. ताप आला म्हणून ॲडमिट केलं, आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम आलं ७.८. नॉर्मल असतं ३.५ ते ५.

इतकं पोटॅशियम खरंच असेल तर हृदय बंद पडू शकतं. मामेभाऊ फोनवर रडत होता. इकडे माझे हात थरथरत होते. आणि मामा? तो बेडवर बसून चहा मागत होता!

ईसीजी काढला, नॉर्मल. किडनीचे रिपोर्ट ठीक. मग पुन्हा रक्त घेतलं, या वेळी हेपरिनच्या ट्यूबमध्ये. आलं ८.४. इन्सुलिन आणि ग्लुकोज द्यायची तयारी सुरू झाली. तेवढ्यात सीनियर डॉक्टर मॅडम आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "सॅम्पल लॅबपर्यंत गेलं कसं?"

गेलं होतं हवेच्या दाबावर चालणाऱ्या पाइपातून, धडाधड आपटत. मॅडमनी स्वतः रक्त काढलं, हातात धरून जिने उतरल्या आणि सेंट्रिफ्यूज न करता लगेच ब्लड गॅस मशीनवर लावलं. ४.१.

मी दिवसभर बग शोधतो, तरी मला हे सुचलं नसतं. सिस्टिम ठीक होती, रीडिंग बिघडलं होतं. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० असतं, बाहेर फक्त ४. सीएलएलच्या पेशी नाजूक. पाइपातले धक्के, मग सेंट्रिफ्यूजची गरगर, की त्या फुटतात आणि आतलं पोटॅशियम ट्यूबमध्ये सांडतं. मामाच्या अंगात नाही, ट्यूबमध्ये! हेपरिनमुळे काही वेळा हे आणखी वाढतं, म्हणून दुसरा आकडा जास्त. बरं, लाल पेशी शाबूत, त्यामुळे सॅम्पल लालसर दिसत नाही आणि लॅबला शंकाही येत नाही.

ते इन्सुलिन दिलं असतं तर ४.१ वरून पोटॅशियम खरोखर खाली गेलं असतं, आणि तेही हृदयाला घातकच.

पण हां, घरी बसून "आकडा खोटा आहे" असं ठरवू नका. ब्लड कॅन्सरमध्ये, विशेषतः औषध सुरू झाल्यावर, पेशी शरीरातही भराभर फुटू शकतात. तेव्हा वाढलेलं पोटॅशियम खरं असतं आणि वेळ कमी असतो. डॉक्टरांना काउंट सांगा, सॅम्पल कसं गेलं ते विचारा, एवढं आपल्या हातात.

मामाच्या फाइलवर आता लाल पेनने लिहिलंय: "पोटॅशियमचं सॅम्पल हातानेच न्यावे." त्या रात्री बंद केलेली केळी त्याने दुसऱ्या दिवशी परत मिळवली. दोन खाल्ली.