खेळाडू वृत्तीचे उद्योगपती : कै. राहुल बजाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दापोडीहून लोकलने चौथे स्टेशन आकुर्डी. तिथल्या बजाजच्या कारखान्याला आपल्या भागातून किती डबे गेले असतील, त्याची गणती नाही. म्हणून आज कै. राहुल बजाज यांच्याविषयी चार शब्द बोलते.

त्यांची स्कूटर सर्वांना ठाऊक. त्यांच्यातला खेळाडू फार थोड्यांना. जन्म १० जून १९३८ चा, कलकत्त्याचा. मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत असताना ते मुष्टियुद्धात विजेते ठरले होते. आजोबा जमनालालजी, म्हणजे गांधीजींच्या सहवासातले घराणे, आणि नातू ठोसे लगावतो आहे! पुढे दिल्लीचे सेंट स्टीफन्स कॉलेज, मुंबईत कायद्याचे शिक्षण आणि १९६४ साली हार्वर्डची पदवी. १९६८ साली, ऐन तिशीत, कंपनीची सूत्रे हाती आली. बिऱ्हाड मात्र मुंबईला न थाटता त्यांनी आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच थाटले. पत्नी रूपाताई माहेरच्या घोलप. तेव्हा मराठी घरातच होती.

बोलणे समोरासमोर. २०१९ साली मुंबईच्या एका समारंभात, सरकारवर टीका करायला लोक भितात, असे ते खुद्द गृहमंत्र्यांसमोर बोलले. त्या वेळी वय एक्क्याऐंशी!

पण मला त्यांची खरी परीक्षा दिसते ती घरातली. १९७२ साली ‘चेतक’ निघाली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलगा शाळेत असताना नंबर लावावा, तो कॉलेजात जाईतो गाडी यावी, अशी तऱ्हा. २००७ साली आकुर्डीचे उत्पादन थांबले. त्या दिवसांत किती घरांत चूल पेटली तरी जेवण गेले नाही, ते आपण जाणतोच. मग २००९ साली चिरंजीव राजीव यांनी स्कूटर बनविणेच बंद करण्याचे जाहीर केले. वडिलांनी आपल्याला वाईट वाटले हे चारचौघांत सांगितले, लपविले नाही; पण कारभार मुलाच्या हाती दिला होता, तो परत मागितला नाही. आपल्यापैकी ज्यांनी सुनेच्या हाती स्वयंपाकघर दिले आहे, त्यांना हे किती अवघड ते मी सांगायला नको.

२०२० च्या जानेवारीत विजेवर चालणारी ‘चेतक’ बाजारात आली, ती त्यांनी पाहिली. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात ते वारले. त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीला ‘चेतक’चा नवा कारखाना सुरू झाला.