दुखणं सोसू नका, सीट नीट करा

वरळी कोळीवाड्यातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. सायकलच्या चामडी सीटवर बसून जांघ दुखायची, बधिर व्हायची. लाजेने आम्ही गप्प. काहींनी सायकलच सोडली. दोष अंगाचा नव्हता, सीटचा होता. सीटचं टोक वर असेल तर पुढे दाब येतो. पाना घेऊन ती सपाट करा. भार मागच्या रुंद भागावर, बसायच्या दोन हाडांवर यायला हवा. पायडल तळाला असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. नवं चामडं वापरूनच मऊ होतं. ओल्या चामड्यावर बसलं तर ते झोळीसारखं लोंबतं. म्हणून पावसात सीटला पिशवी बांधा, भिजली तर सावलीत वाळवा. आणि दुखलं तर बोला, बायांनो!