पिशवी काढल्यानंतर डाग दिसला तर



"डॉक्टर, पिशवीच काढली. मग आता रक्त कुठून येतंय?" हा प्रश्न घेऊन बायका माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक जणींनी तो बरेच दिवस मनातच ठेवलेला असतो. कुणाला वाटतं, ऑपरेशन फसलं. कुणाला वाटतं, पाळी परत सुरू झाली. आणि कॅन्सरची भीती तर प्रत्येकीच्या मनात असते, तोंडाने मात्र ती कुणी उच्चारत नाही. घरच्यांनी आधीच ऑपरेशनवर पैसा खर्च केलेला, आता पुन्हा दवाखान्याचा विषय कसा काढायचा, म्हणून बाई गप्प बसते. माझं आजचं बोलणं त्या गप्प बसलेल्या बाईसाठी आहे.

रक्त कुठून येतं ते आधी सांगते. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढताना बहुधा गर्भाशयाचं तोंडही काढतात. मग योनीमार्गाची वरची बाजू उघडी राहते. पोत्याचं तोंड शिवावं तशी ती आतून टाके घालून बंद करावी लागते. ऑपरेशन पोट उघडून झालेलं असो, दुर्बिणीतून झालेलं असो की खालच्या वाटेने, ही शिवण आत असतेच. पोटावरची जखम भरलेली दिसली की घरातल्यांना वाटतं, झाली बाई बरी. आतली जखम कुणाला दिसत नाही, आणि ती भरायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

त्या काळात थोडं अंगावर जाणं साहजिक आहे. गुलाबी, तपकिरी, कधी नुसतं पाण्यासारखं, कपड्याला डाग पडेल इतकंच. साधारण चार ते सहा आठवडे हे चालू शकतं. आतले टाके विरघळणारे असतात. दोन-तीन आठवड्यांनी ते सुटू लागले की एखाद-दोन दिवस डाग जरा वाढतो, दोऱ्याचा बारीक तुकडाही पडतो. त्याने घाबरू नका. एकूण जाणं दिवसेंदिवस कमी होतंय ना, एवढं बघा. पॅड बाहेरूनच वापरा. आत कापूस, कापड, औषधी पाणी, काहीही घालू नका.

आता वाट बघायची नाही अशी वेळ कोणती? तासाभरात पॅड भिजतंय, लालभडक रक्त जातंय, गाठी पडताहेत, तर त्याच क्षणी निघा, रात्र असली तरी. ताप १०० च्या वर गेला, अंगावर जाणाऱ्याला घाण वास येतोय, ओटीपोटात दुखणं वाढतंय, तर आत जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, दम लागत असेल, एक पाय सुजून दुखत असेल, तर रक्त कमी दिसतंय म्हणून थांबू नका. सारखी लघवी गळत राहिली तरी डॉक्टरांना सांगा, ती बाब निराळी आणि तितकीच महत्त्वाची आहे. आणि क्वचित घडणारं, पण जिवावरचं एक: आतली शिवण उसवणं. जोर पडला, जड उचललं किंवा जखम भरण्याआधी संबंध आला की हे होऊ शकतं. एकदम दुखतं, रक्त किंवा पाणी भळकन येतं, खाली काहीतरी आल्यासारखं वाटतं. अशा वेळी ते आत ढकलू नका, स्वच्छ ओला कपडा लावून आडवं पडा आणि रुग्णवाहिका बोलवा.

जड उचलण्याचा विषय निघाला, तर आपल्या बीडच्या बायकांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. २०१९ मध्ये जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणी तरुण होत्या. पिशवी का काढली, काढायची गरज होती का, यावर पुष्कळ बोलून झालं आणि ते बोललंच पाहिजे. पण ऑपरेशननंतर काय, हे फार थोड्यांनी विचारलं. मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार, म्हणून बाई टाके कोवळे असतानाच पुन्हा फडात उतरते आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढते. डॉक्टरांनी सांगितलेली सहा आठवड्यांची विश्रांती तिच्या कागदावर असते, आयुष्यात नसते. अशा बाईला रक्त दिसलं आणि ती म्हणाली, "कामाने जात असेल", तर तो दोष मी तिला देणार नाही. पण मुकादमांना, कारखान्यांना आणि तिच्या नवऱ्याला मी सांगते, हे सहा आठवडे तिच्या उपचाराचाच भाग आहेत. पाण्याचा हंडा उचलण्याचंही तेच, आणि जवळिकीचंही. आतून तपासून डॉक्टर जखम भरली असं सांगेपर्यंत थांबायचं.

आता दुसरी परिस्थिती. सगळं भरलं, जाणं थांबलं, आणि मग सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी डाग दिसला. इथे माझं म्हणणं अगदी पक्कं आहे: डाग कितीही लहान असो, एकदाच पडलेला असो, तपासून घ्या. रक्त येण्याचं कारण बहुतेक वेळा साधं निघतं. शिवणीच्या जागी लालसर, नाजूक मांस वाढलेलं असतं, ते हात लागला की रक्त सोडतं. ओपीडीतच औषध लावून ते जाळता येतं. ज्यांचे बीजकोषही काढले किंवा ज्यांचं वय झालं, त्यांच्यात हार्मोन कमी पडून आतली त्वचा कोरडी आणि पातळ होते, संबंधानंतर रक्त दिसतं. त्यावर मलम असतं, डॉक्टर पाहून देतील. काही जणींच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशयाचं तोंड ठेवलेलं असतं. त्यांना महिन्याच्या महिन्याला थोडा डाग दिसू शकतो, पण तोही एकदा दाखवून खात्री करावी. तोंड शाबूत असलं तर त्याचा कॅन्सरही होऊ शकतो, म्हणून त्यांनी तपासणी सोडायची नाही. कॅन्सरसाठी किंवा कॅन्सरपूर्व बदलांसाठी ज्यांची पिशवी काढली, त्यांनी तर नाहीच नाही. कधी रक्त लघवीतून येत असतं, कधी मूळव्याधीचं असतं, आणि बाईला वाटतं खालून आलं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. हे सगळं घरी बसून ओळखता येत नाही, मलाही फोनवर ओळखता येत नाही. आतून पाहावं लागतं. तपासणी काही मिनिटांची असते. लाज वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागा, सोबत बहीण किंवा जाऊ घेऊन या.

पैशाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

एक काम मात्र आजच करा. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट शोधून काढा. गर्भाशयाचं तोंड ठेवलं की काढलं, बीजकोष आहेत की नाहीत, हे त्यांवरूनच कळतं, आणि तुमच्यापैकी अनेकींना ते कुणी सांगितलेलं नसतं. कागद सापडला नाही तर जिथे ऑपरेशन झालं तिथे प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. कारखान्यावर जाणाऱ्यांनी हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावेत. आणि फडावर, कोपीवर, कुठेही असा, रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. त्या गाडीचे पैसे लागत नाहीत.