बाखची मोठी मिस्सा



योहान सेबास्टियन बाख हा पक्का लूथरपंथी. 1723 पासून मरेपर्यंत तो लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संगीतप्रमुख होता. असं असूनही आयुष्याच्या अखेरीला त्यानं जी मोठी रचना पुरी केली, ती कॅथलिक मिस्सेच्या लॅटिन शब्दांवर आहे. आज तिला ‘बी मायनर मिस्सा’ म्हणतात, पण हे नाव बाखनं दिलेलं नाही. वसईत आणि गोव्यात ज्या वडीलधाऱ्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली असेल, त्यांना किरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई हा क्रम तोंडपाठ असेल. इथंही क्रम तोच आहे. मात्र गायला जवळजवळ दोन तास लागतात, त्यामुळे रोजच्या उपासनेत ती बसणं अवघडच.

तिची सुरुवात एका अर्जापासून झाली. 1733 मध्ये सॅक्सनीच्या गादीवर नवा राज्यकर्ता आला. तो कॅथलिक, दरबार ड्रेस्डेनला. बाखला लाइपझिगमधल्या वरिष्ठांचा जाच होत होता, दरबारी किताबाचा आधार हवा होता. त्यानं किरिये आणि ग्लोरिया रचून, अर्ज जोडून या राज्यकर्त्याला सादर केले. गायक-वादकांच्या प्रती उतरवायला घरची माणसंही बसली होती. किताब 1736 मध्ये मिळाला.

पुढं 1748-49 च्या सुमारास, दृष्टी अधू होत असताना, त्यानं तेच काम पुन्हा हाती घेतलं आणि उरलेली सारी मिस्सा पुरी केली. का, याचा खल अभ्यासक अजून करत आहेत. मला वाटतं, कारण त्याच्या रोजच्या कामातच होतं. लाइपझिगच्या पहिल्या काही वर्षांत त्यानं जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा, म्हणजे उपासनेत गायची रचना, दिला. त्या त्या रविवारी तो कँटाटा गायला जायचा आणि मग कपाटात पडायचा. मिस्सेचे शब्द मात्र शतकानुशतकं तेच होते. ते कधी जुने होणार नव्हते. म्हणून त्यानं आपल्या जुन्या कामातलं उत्तम ते निवडलं आणि नव्यानं घडवून या शब्दांत ठेवलं. सांक्तुस 1724 च्या नाताळातलं आहे. शेवटची शांतीची प्रार्थना ग्लोरियातल्याच आभाराच्या सुरांवर येते, आणि ते सूरही मुळात 1731 च्या एका कँटाटातले.

सबंध मिस्सा बाखनं कधी ऐकली असं दिसत नाही. 1750 मध्ये तो गेला. हस्तलिखित मुलाकडे, कार्ल फिलिप इमॅन्युएलकडे आलं. त्यानं 1786 मध्ये हॅम्बुर्गला त्यातला क्रेदो सादर केला. सगळी रचना छापून व्हायला 1845 उजाडलं. ते हस्तलिखित आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे, आणि शाईतल्या लोहामुळे कागद खाल्ला जात असल्यानं त्याची फार जपणूक करावी लागते.

आता क्रेदोच्या मधोमध येणाऱ्या ‘क्रुसिफिक्सुस’विषयी, म्हणजे ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याच्या ओळींविषयी. याचं मूळ 1714 मधल्या, वायमारच्या एका कँटाटात आहे. तेव्हा बाख तिशीचाही नव्हता. खर्जात चार मात्रागटांची एक ओळ एकेका अर्धस्वरानं खाली उतरते आणि पुन्हा पुन्हा येते, तबल्याच्या साथीला लेहरा फिरावा तशी. मूळ रचनेत तिची बारा आवर्तनं होती. मिस्सेत बाखनं तेरावं जोडलं. पस्तीस वर्षांनी जुन्या कामाला हात घातल्यावर त्याला सुचलेली ही भर मला साऱ्या मिस्सेत सर्वांत मोलाची वाटते. या शेवटच्या आवर्तनात बासऱ्या आणि वरची तंतुवाद्यं थांबतात. ‘त्याला पुरलं’ हे शब्द गाताना आवाज खाली खाली उतरतात आणि नेमक्या तिथं खर्जाची ओळ वळण घेते. इतका वेळ मायनरमध्ये चाललेलं गाणं मेजरमध्ये येऊन टेकतं. दफनाच्या शब्दावरच दिशा बदलते. शब्दांत पुनरुत्थान अजून आलेलं नसतं, ते पुढच्या भागात येतं, तुताऱ्या आणि नगाऱ्यांसह.

हे दोन्ही भाग मध्ये न थांबता ऐकायचे असतात. पहिल्या वेळी वरच्या आवाजांकडे फार लक्ष देऊ नका. कान खर्जावर ठेवा आणि आवर्तनं मोजा. आता ऐकू या ‘क्रुसिफिक्सुस’ आणि त्याला लागूनच ‘एत रेसुर्रेक्सित’.