मैदानाचे दार : रोलाँ गॅरोस टेनिस स्पर्धेचा इतिहास

(क्रीडाशिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मे महिना संपत आला आणि पॅरिसमध्ये उन्हाळ्याची चाहूल लागली की, त्या शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या एका क्रीडागाराकडे जगभरच्या टेनिसप्रेमींचे लक्ष लागते. रोलाँ गॅरोस हे त्या क्रीडागाराचे नाव. तेथे सुमारे दोन आठवडे चालणारी फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा ही जगातील चार प्रमुख स्पर्धांपैकी एक होय. विम्बल्डनची स्पर्धा हिरवळीवर होते, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील स्पर्धा कठीण कृत्रिम पृष्ठभागावर होतात. तांबड्या मातीवर, म्हणजे क्ले कोर्टवर खेळली जाणारी या चौघींतील स्पर्धा ही एकच.

या स्पर्धेचा इतिहास विजेत्यांच्या नामावळीच्या रूपाने अनेकदा सांगितला जातो. परंतु शाळेचे अथवा गावाचे मैदान ज्यांच्या देखरेखीखाली असते, त्यांच्या दृष्टीने त्याची एक निराळीच बाजू मोलाची आहे. मैदान कोणासाठी असते आणि त्याचे दार कोणासाठी उघडते, या प्रश्नाला पॅरिसच्या या स्पर्धेने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली. तिची थोरवी त्या उत्तरांतून घडत गेली.

मूठभर सभासदांचा खेळ

ही स्पर्धा प्रथम १८९१ साली भरली. त्या वेळी तीत केवळ फ्रान्समधील क्लबांच्या सभासदांनाच प्रवेश होता. गंमतीची गोष्ट अशी की, पहिला विजेता ब्रिग्ज हा पॅरिसमध्ये राहणारा ब्रिटिश खेळाडू होता. फ्रेंच क्लबाचा सभासद म्हणून त्याला खेळता आले. सहा वर्षांनी, १८९७ मध्ये, महिलांची एकेरी स्पर्धा सुरू झाली आणि आदिन मासाँ ही तिची पहिली विजेती ठरली. स्पर्धेला स्वतःचे मैदान नव्हते. ती क्लबांच्या मैदानांवर भरत असे.

टेनिस हा मूळचा हिरवळीचा खेळ. तो मातीवर कसा आला, याविषयी एक कथा सांगितली जाते. १८८० च्या सुमारास रेनशॉ हे इंग्रज खेळाडू बंधू दक्षिण फ्रान्समधील कान येथे खेळत असताना तेथील उन्हाने हिरवळ करपू लागली. तेव्हा फुटक्या मातीच्या भांड्यांचा बारीक चुरा करून तो कोर्टावर पसरण्याची युक्ती त्यांनी योजली. कथेतील तपशील कसाही असो, गवत जगवणे जेथे अवघड, तेथे भाजलेल्या मातीचा चुरा उपयोगी पडला, हे मात्र खरे.

पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ या काळात स्पर्धा झाली नाही. ती पुन्हा सुरू झाल्यावर सुझान लाँग्लेन या तरुणीने तिच्यावर आपली छाप उमटवली. तिचा खेळ पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली आणि महिलांचे टेनिस म्हणजे एक शिष्टसंमत करमणूक, हा समज मागे पडला. अखेर १९२५ साली परदेशी हौशी खेळाडूंना प्रवेश देण्यात आला. दार उघडण्याचा हा पहिला मोठा निर्णय होता. यजमानांना त्याची झळ लगेच बसली नाही. रने लाकॉस्त, आँरी कॉशे, झाँ बोरोत्रा आणि झाक ब्रुन्याँ या चौघा फ्रेंच खेळाडूंना लोक 'चार शिलेदार' म्हणत. १९२५ ते १९३२ पर्यंत पुरुष एकेरीचे विजेतेपद दरवर्षी त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी राहिले.

वैमानिकाच्या नावाचे क्रीडागार

१९२७ साली या चौघांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डेव्हिस चषक जिंकला. त्या काळच्या नियमानुसार चषक राखण्याचा सामना विजेत्या देशातच व्हावयाचा होता आणि त्यासाठी पुरेसे मोठे क्रीडागार पॅरिसमध्ये नव्हते. स्ताद फ्राँसे या क्रीडासंस्थेने पुढाकार घेतला आणि सुमारे तीन हेक्टर जागा उपलब्ध झाली. संस्थेची अट एकच होती. नव्या क्रीडागाराला तिचा दिवंगत सभासद रोलाँ गॅरोस याचे नाव द्यावे.

गॅरोस टेनिसपटू म्हणून प्रसिद्ध नव्हता. तो वैमानिक होता. १८८८ मध्ये रेयुनियाँ बेटावर जन्मलेल्या या तरुणाने २३ सप्टेंबर १९१३ रोजी भूमध्य समुद्र विमानाने, कोठेही न थांबता, प्रथम ओलांडला. पहिल्या महायुद्धात ५ ऑक्टोबर १९१८ रोजी, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो हवाई लढाईत मारला गेला. एखाद्या धनिकाचे वा अधिकाऱ्याचे नाव न देता मित्रांनी आपल्या हरवलेल्या सोबत्याचे नाव मैदानाला दिले. वर्षभराच्या आत क्रीडागार उभे राहिले आणि १९२८ मध्ये फ्रान्सने तेथे अमेरिकेचा ४-१ असा पराभव करून चषक राखला.

दार बंद झाले तेव्हा

या इतिहासातील एक पान मात्र काळे आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच फ्रेंच सरकारने 'अवांछित' ठरवलेल्या परकीयांना ताब्यात घेतले आणि त्यांना ठेवण्यासाठी याच क्रीडागाराचा वापर केला. त्यांत हिटलरच्या जुलमाला कंटाळून आश्रयाला आलेले लोकही होते. लेखक आर्थर कोस्लर हा त्यांपैकी एक. त्याने पुढे त्या दिवसांविषयी लिहिले. ज्या प्रेक्षागारांत बसून लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच खाली माणसांना झोपावे लागले. मैदान तेच, भिंती त्याच. दाराला कुलूप बाहेरून लागले एवढाच फरक पडला आणि क्रीडागाराची छावणी झाली.

याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३८ आणि १९३९ या दोन्ही वर्षी महिला एकेरी जिंकणारी सिमोन मात्यू ही खेळाडू लंडनला गेली आणि १९४० मध्ये तिने जनरल द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यासाठी महिलांचे पथक उभारले. युद्धकाळात, फ्रान्स शत्रूच्या टाचेखाली असताना, येथे काही स्पर्धा भरवण्यात आल्या. परंतु अधिकृत इतिहासात त्यांची गणना होत नाही. १९४६ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि मार्सेल बेर्नार या फ्रेंच खेळाडूने ती जिंकली.

'खुली' या शब्दाचा अर्थ

१९५६ साली अमेरिकेच्या अल्थिया गिब्सनने येथे महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले. चार प्रमुख स्पर्धांपैकी एखादी जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू होय. वर्णाची भिंत अशी भेदली गेली, तरी आणखी एक भिंत शिल्लक होती. खेळाचे मानधन उघडपणे घेणाऱ्या व्यावसायिकांना या स्पर्धांत मज्जाव होता. 'हौशी' म्हणवणाऱ्या नामवंतांना आडमार्गाने पैसे मिळत, हे सर्वांना ठाऊक होते. नियम मात्र कागदावर सोवळे राहिले होते.

ऑस्ट्रेलियाच्या केन रोजवॉलची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. १९५३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने ही स्पर्धा जिंकली. पुढे तो व्यावसायिक झाला आणि ऐन उमेदीची वर्षे त्याला या दाराबाहेर काढावी लागली. १९६८ मध्ये नियम बदलला आणि चार प्रमुख स्पर्धांपैकी व्यावसायिकांना प्रवेश देणारी पहिली स्पर्धा म्हणून फ्रेंच स्पर्धेची नोंद झाली. रोजवॉल परतला आणि अंतिम सामन्यात रॉड लेव्हरला हरवून पंधरा वर्षांनी पुन्हा विजेता ठरला. त्या वर्षीच्या मे महिन्यात विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि कामगारांचा सार्वत्रिक संप यांमुळे फ्रान्सचा व्यवहार थंडावला होता. गाड्या बंद होत्या, पेट्रोल मिळत नव्हते, तरीही प्रेक्षागार भरले.

त्या वर्षी महिला विजेतीचे बक्षीस पुरुष विजेत्याच्या बक्षिसाहून कितीतरी कमी होते. हे अंतर पूर्णतः मिटण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्या अपंग खेळाडूंच्या स्पर्धेलाही येथे स्थान मिळाले.

दार उघडण्याची किंमत यजमानांना मोजावी लागली, हेही प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे. १९३३ पासून २०२५ पर्यंत पुरुष एकेरीत फ्रेंच खेळाडू केवळ दोनदा विजयी झाले. १९४६ मध्ये बेर्नार आणि १९८३ मध्ये यानिक नोआ. नोआचे वडील आफ्रिकेतील कॅमेरूनचे. त्याचे बालपण तेथेच गेले. घरचा विजेता दुर्मिळ झाला, पण स्पर्धा लहान झाली नाही. उलट तिच्या उत्पन्नावर फ्रेंच टेनिस संघटनेचा कारभार मोठ्या प्रमाणात चालतो आणि देशभरातील खेळाला त्याचा लाभ मिळतो. २०११ मध्ये चीनच्या ली ना हिने येथे महिला एकेरी जिंकली, तेव्हा चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीचे एकेरी विजेतेपद प्रथमच आशियाई खेळाडूकडे आले. भारताच्या दृष्टीनेही हे मैदान शुभशकुनी ठरले. १९७९ मध्ये रमेश कृष्णन याने कुमार गटाचे विजेतेपद मिळवले. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसह मिश्र दुहेरी जिंकली आणि प्रमुख स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. दोन वर्षांनी लिएंडर पेससह त्याने पुरुष दुहेरीही जिंकली. २०१२ मध्ये भूपती आणि मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा या जोडीने मिश्र दुहेरीत यश संपादन केले.

दोन मिलिमीटरची निगा

आता या मातीविषयी. वरून दिसणारा तांबडा थर हा विटांचा दळलेला चुरा असून त्याची जाडी अवघी एक-दोन मिलिमीटर असते. त्याखाली चुनखडीच्या दगडाचा दाबून बसवलेला चुरा, त्याखाली जळक्या कोळशाचा थर, त्याखाली बारीक खडी आणि सर्वांत तळाशी मोठे दगड अशी रचना असते. पावसाचे पाणी मुरून जावे आणि उन्हात पुरेसा ओलावा टिकावा, अशी ही योजना आहे. रोज पाणी मारावे लागते, जाळी ओढून चुरा सारखा करावा लागतो, रेघा झाडाव्या लागतात. तालमीच्या हौद्यात ताक, तेल आणि हळद घालून माती मऊ राखणाऱ्या पैलवानाला या निगेचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा पृष्ठभागावर चेंडूचा वेग मंदावतो आणि तो उंच उसळतो. त्यामुळे एका फटक्यात गुण मिळवणे अवघड जाते आणि दमसास, धीर व डोके यांची कसोटी लागते. स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्गने येथे सहा वेळा, अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्टने सात वेळा, तर स्पेनच्या राफाएल नदालने २००५ ते २०२२ या काळात चौदा वेळा एकेरी जिंकली. नदालने येथे ११२ सामने जिंकले आणि केवळ चार गमावले. २०२५ चा पुरुष अंतिम सामना ५ तास २९ मिनिटे चालला. या स्पर्धेच्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ अंतिम सामना होय. चेंडूची खूणही मातीवर उमटते. शंका आल्यास पंच खुर्चीवरून उतरतो, वाकून ती खूण पाहतो आणि निर्णय देतो. इतर तीन प्रमुख स्पर्धांनी रेषापंचांचे काम यंत्रांकडे सोपवले, तरी २०२५ पर्यंत येथे ते माणसांनीच केले.

जागेची अडचण या स्पर्धेला सतत भेडसावत आली. शहराबाहेर प्रशस्त जागी जावे काय, हा प्रश्न २०११ मध्ये मतास टाकण्यात आला आणि जुन्या जागीच राहण्याचे ठरले. विस्तारासाठी शेजारच्या वनस्पतिउद्यानाची जागा निवडली गेली, तेव्हा तेथील जुन्या काचघरांच्या काळजीपोटी विरोध झाला आणि वाद न्यायालयात गेला. अखेर काचघरांनी वेढलेले नवे कोर्ट २०१९ मध्ये खुले झाले. त्याला सिमोन मात्यू हिचे नाव देण्यात आले. ज्या क्रीडागाराची एकदा छावणी झाली होती, तेथे देशाच्या मुक्तीसाठी झटलेल्या खेळाडूचे नाव लागले, ही गोष्ट उचितच झाली.

पॅरिसइतका पैसा आणि प्रसिद्धी कोणत्याही ग्रामपंचायतीजवळ नाही. परंतु या इतिहासातून निघणारे प्रश्न पैशाचे नाहीत. शाळेचे मैदान सुट्टीच्या दिवसांत कुलूपबंद असते काय? त्यावर मुलींच्या वाट्याला दिवसातील कोणता तास येतो? आणि त्यावर पाणी मारण्याचे, खडे वेचण्याचे काम नेमके कोणाकडे सोपवले आहे? पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन प्रश्न आले, तर मैदान खऱ्या अर्थाने गावाचे होण्यास प्रारंभ होईल.