लॅपटॉपचा अडॅप्टर: बिघाड, दुरुस्ती आणि खरेदी

लॅपटॉपच्या वायरीच्या मध्यभागी जी काळी, हाताला जड लागणारी डबी असते तिला अडॅप्टर म्हणतात. बोलण्यात तिला चार्जर म्हणण्याचा प्रघात असला, तरी बॅटरी किती आणि केव्हा भरायची हे लॅपटॉपमधले सर्किट ठरवते; डबीचे काम एवढेच, की सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी, घ्यावी आणि तिचे १९ ते २० व्होल्टच्या स्थिर, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, म्हणजे डीसीत, रूपांतर करावे. त्यासाठी डबीत आधी सुमारे ३२५ व्होल्टची डीसी वीज तयार होऊन ती कपॅसिटर नावाच्या, विद्युतभार साठवणाऱ्या घटकात जमा होते, आणि मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा किंवा त्याहूनही अधिक वेगाने तिला तोडून-जोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. हा ३२५ व्होल्टचा आकडा ध्यानात ठेवावा, कारण डबी घरी उघडावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

अडॅप्टर बंद पडला की तो जळाला असे समजून नवा आणण्याकडे सर्वसाधारण कल असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डबी शाबूत असते आणि बिघाड वायरीत असतो. ही वायर दोन ठिकाणी तुटते: जिथे ती डबीतून बाहेर पडते तिथे, आणि लॅपटॉपमध्ये शिरणाऱ्या पिनेच्या मानेपाशी. वायरीच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या अनेक तारा असतात. डबीभोवती वायर घट्ट गुंडाळून दररोज पिशवीत कोंबली, की त्या नेमक्या एकाच वळणावर वाकत राहतात आणि एकेक करून तुटतात. उरलेल्या थोड्या तारांवर सगळा भार येतो. ६५ वॅटच्या अडॅप्टरमधून साधारण ३.३ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि तुटत्या जागी अर्ध्या ओहमचा जरी अवरोध निर्माण झाला, तरी त्या वाटाण्याएवढ्या जागेत साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणूनच वायर विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्जिंगची खूण दिसणे, मानेपाशी बोटाला चटका बसणे, आवरण पिवळसर पडून मऊ होणे आणि शेवटी बारीक ठिणगी दिसणे, या क्रमाने हा बिघाड पुढे सरकतो. यातली पहिली खूण दिसताच वायर वापरातून काढावी. तिला पुस्तकाखाली दाबून किंवा चिकटपट्टीने वाकवून चालवणे म्हणजे आग लागण्याची वाट पाहणे होय.

बिघाड शोधण्याचा क्रम सॉकेटपासून सुरू करावा. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून वीज येते की नाही हे पाहावे. मग सॉकेटपासून डबीपर्यंतची सुटी वायर बदलून पाहावी, कारण तीन भोकांची ही वायर बहुतेक कंपन्यांच्या अडॅप्टरला सारखीच बसते, शेजारच्या घरातूनही उसनी मिळू शकते आणि विकत घेतली तरी नव्या अडॅप्टरच्या तुलनेत अगदीच स्वस्त पडते. डबीवर दिवा असेल तर त्याचे वागणे बरेच काही सांगते. लॅपटॉपला न जोडता दिवा लागत असेल आणि जोडताच विझत असेल, तर शॉर्ट झालेली वायर, थकलेली डबी किंवा लॅपटॉपमधला दोष यांपैकी काहीतरी आहे, आणि दुसरा जुळणारा अडॅप्टर लावून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. दिवा लागूनही चार्जिंग होत नसेल तर पिनेकडची वायर आणि लॅपटॉपमधले ढिले सॉकेट यांच्यावर संशय घ्यावा. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजणारे यंत्र, हाताळता येत असेल तर ते २०० व्होल्ट डीसीवर ठेवून पिनेच्या आतल्या व बाहेरच्या कड्यावर टोके टेकवावीत आणि लेबलावर छापलेला आकडा मिळतो का ते पाहावे, पण दोन्ही टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. टाइप-सी पिनेच्या अडॅप्टरला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण समोरच्या यंत्राशी बोलणी झाल्याखेरीज तो वीज सोडतच नाही.

आपल्या ग्वाल्हेरमध्ये या डबीला किंवा ती वापरणाऱ्याला धोका निर्माण करणारी तीन कारणे आहेत, आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. पहिले कारण उन्हाळा. मे-जूनमध्ये येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि ६५ वॅटची डबी चालू असताना स्वतःची आठ-नऊ वॅट उष्णता त्यात घालते. आतल्या कपॅसिटरमध्ये द्रवरूप रसायन असते; तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून डबी गादीवर, उशीखाली किंवा पिशवीत ठेवून चालवू नये. फरशीवर मोकळी ठेवावी. ती कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह होतो, पण पाण्याचे तुषार वायरीच्या जोडावर बसणे उन्हापेक्षा वाईट.

दुसरे कारण वीजपुरवठा. अडॅप्टरच्या लेबलावर सहसा १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, त्यामुळे दाब कमी झाल्याने त्याचे काही बिघडत नाही आणि त्याच्यासाठी स्टॅबिलायझर घेणे हा व्यर्थ खर्च आहे. धोका उलट बाजूने येतो. खांबावरची न्यूट्रल तार, म्हणजे घराघरांतून वीज परत नेणारी सामाईक तार, तुटली की काही घरांत दोन फेजमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब शिरू शकतो, आणि मग ४०० ते ४५० व्होल्टसाठी बनवलेल्या कपॅसिटरवर साडेपाचशेहून अधिक व्होल्ट येऊन तो फुटतो. घरातले बल्ब अचानक फार प्रखर किंवा मंद होऊ लागले, तर आधी मुख्य स्विच बंद करावा आणि मग १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावे. पावसाळ्यात गडगडाट सुरू होताच अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा; केवळ बटण बंद केल्याने विजेच्या लोळाचा धक्का अडत नाही.

तिसरे कारण अर्थिंगचा, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा, अभाव, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत, मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या गोठांत, म्हणजे वस्त्यांत, आणि बाडा चौकाच्या आसपासच्या घरांत अनेक ठिकाणी वीज नंतर, भिंतींवरून पट्ट्या ठोकून आली, आणि तीन छिद्रांच्या सॉकेटमधले वरचे मोठे छिद्र पुष्कळदा कशालाच जोडलेले नसते. अशा ठिकाणी धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकले की मुंग्या आल्यासारखे वाटते. डबीत रेडिओलहरींचा त्रास कमी करण्यासाठी बसवलेल्या एका छोट्या कपॅसिटरमधून मिलिअँपिअरच्या काही अंशाएवढा प्रवाह झिरपतो, आणि अर्थिंग असते तर तो जमिनीत गेला असता. धडधाकट अडॅप्टरच्या बाबतीत ही झिणझिण जीवघेणी नसते. पण डबीतले आवरण फुटलेच, तर त्या घरात संरक्षण करणारे काहीही नाही, असा तिचा अर्थ होतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून किंवा वरची पिन कापून काम भागवणे म्हणूनच पूर्णपणे गैर आहे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि मुख्य फळ्यावर आरसीसीबी, म्हणजे ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. लॅपटॉपपेक्षा तो घरातल्या मुलांसाठी अधिक महत्त्वाचा आहे.

दुरुस्तीबाबत मर्यादा स्पष्ट आहे: वायर दुरुस्त करावी, डबी उघडू नये. डबीचे दोन्ही भाग कारखान्यात वितळवून जोडलेले असतात, ते फोडल्यावर पूर्वीसारखे बंद होत नाहीत, आणि प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ जबर झटका देण्याइतका भार उरू शकतो. वायरीचे तसे नाही. पिनेकडची वायर दुरुस्तीच्या दुकानात मानेच्या थोडे मागे कापून, तयार मिळणारी नवी पिनेची वायर डाक देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडता येते, आणि काम चांगले झाले तर अडॅप्टर पुढे बरीच वर्षे चालतो. दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेला जोड मात्र स्वीकारू नये. प्रत्येक जोडावर स्वतंत्र श्रिंक ट्यूब, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, चढवण्याचा आग्रह धरावा. डेल आणि एचपीच्या अनेक अडॅप्टरमध्ये पिनेच्या मधोमध बारीक काडी असते व तिच्यासाठी वायरीत तिसरी तार असते. अडॅप्टर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यामार्फत कळते. ती जोडायची राहिली तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही किंवा यंत्र मंदावते, आणि ग्राहकाला विनाकारण नवी बॅटरी घ्यायला लावले जाते.

नवा अडॅप्टर घेण्याची वेळ आलीच, तर जुन्याचे लेबल सोबत न्यावे. व्होल्टचा आकडा तोच हवा. १९ आणि १९.५ इतका फरक सहसा चालतो, पण १९ च्या जागी १२ किंवा २४ चालत नाही. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असावा. अधिक अँपिअरने लॅपटॉप जळतो ही समजूत चुकीची आहे, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. कमी अँपिअरची डबी मात्र तापून बंद पडू शकते. पिन नुसती आत जाणे पुरेसे नाही, तिचा व्यास आणि लेबलावरील अधिक-उणे खुणांचे चित्रही जुळले पाहिजे. भारतात अशा अडॅप्टरना भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर मानकाचे नाव आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर दुकानातच पडताळता येतो. नक्कल करणाऱ्यांना स्टिकर छापणे कठीण नाही, पण पडताळणीत दिसणारे उत्पादकाचे नाव आणि डबीवरचे नाव जुळवणे त्यांना अनेकदा जमत नाही. नकली डबी पुष्कळदा अस्सलपेक्षा हलकी लागते, कारण तिच्यात गाळणीचे घटक वगळलेले असतात. ती लावल्यावर टचपॅड वापरताना पडद्यावरचा बाण कधीकधी आपोआप उड्या मारतो आणि जवळ ठेवलेल्या रेडिओच्या मध्यम लहरींवर मोठी घरघर ऐकू येते. चांगल्या डबीचीही थोडी घरघर येते, पण दोन हात अंतरावर ती बहुधा मावळते.

नव्या लॅपटॉपमधून वेगवेगळ्या आकारांच्या पिना हळूहळू जात असून त्यांची जागा टाइप-सी घेत आहे, आणि युरोपीय संघाने एप्रिल २०२६ पासून १०० वॅटपर्यंतच्या नव्या लॅपटॉपसाठी ती सक्तीची ठरवली आहे. या पद्धतीत वायर पुष्कळदा दोन्ही बाजूंनी सुटी असते, त्यामुळे सर्वांत आधी मरणारा भाग डबीला हात न लावता बदलता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. मात्र ६० वॅटपेक्षा अधिक वीज वाहण्यासाठी ओळखचिप असलेली, ५ अँपिअरची वायर लागते, आणि मोबाइलची साधी वायर लावली तर लॅपटॉप सावकाश भरू शकतो.

जिवाजी विद्यापीठात किंवा माधव इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारा विद्यार्थी असो, वा घरून कचेरीचे काम करणारी गृहिणी, अडॅप्टर नेमका परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी मरतो असे वाटते, कारण त्याआधी अनेक दिवस तो देत असलेल्या खुणा दुर्लक्षिलेल्या असतात. मृत डबी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये; ई-कचरा नियम २०२२ नुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. श्रोत्यांनी आज रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासाने पिनेच्या मानेला बोट लावून पाहावे, आणि ती गरम लागली तर उद्याच वायर बदलून घ्यावी.